कपाट रिकामं करायचंय, पण आईचा आवाज बीटा कॅसेटमध्ये आहे

पत्र : माझं वय ६८. ठाण्यात राहतो. १९८४ साली थोरल्या भावाने मस्कतहून सोनीचं बीटा मशीन आणलं, तेव्हा अख्खी चाळ आमच्याकडे सिनेमा बघायला लोटायची. चार-पाच वर्षांत लायब्ररीवाल्याने बीटा कॅसेट ठेवणं बंद केलं, म्हणून सोसायटीचं कर्ज काढून व्हीएचएस घेतला. मग व्हीसीडी आल्या, मग डीव्हीडी. २००६ साली डीव्हीडी रेकॉर्डर घेतला आणि घरच्या तीन कॅसेट त्यावर उतरवल्या. त्या डिस्क दुसऱ्या कुठल्याच मशीनवर लागत नाहीत. न्यू जर्सीच्या धाकट्या भावाने २००७ मध्ये एचडी डीव्हीडी प्लेयर घेतला, वर्षभरात तो फॉरमॅटच बंद पडला, आणि तो प्लेयर त्याने सामानातून इकडे आणून दिला. त्याने नंतर पाठवलेल्या ब्लू-रे डिस्क माझ्या इथल्या ब्लू-रे प्लेयरमध्ये चालत नाहीत. आता घरात साठ-पासष्ट कॅसेट, शंभरेक डिस्क आणि पाच मशीन आहेत. इमारत पुनर्विकासाला जातेय, दोन महिन्यांत जागा खाली करायची आहे. बायको म्हणते, सगळं भंगारात द्या. पण एका बीटा कॅसेटवर १९८६ सालचं माझं लग्न आहे, त्यात घाणा भरताना आई जात्यावर ओव्या म्हणतेय. ती १९८९ मध्ये गेली. मी इतकी वर्षं पैसे घालून दर वेळी चुकीचंच घेत आलो का? आणि आता कशात घालून ठेवू, म्हणजे पुन्हा हे करावं लागणार नाही? – एक वाचक, ठाणे

सप्रेम नमस्कार.

ती बीटा कॅसेट आणि ते बीटा मशीन, दोन्ही भंगारात देऊ नका. बाकीचं पुढे सविस्तर लिहितो, पण पत्र इथेच वाचायचं थांबवलंत तरी एवढं करा. आजच कॅसेट कपाटातून काढून वहिनींच्या हातात द्या आणि तिच्यावर काय आहे ते त्यांना सांगा. त्यांनाही बहुतेक माहीत नसावं. माहीत असतं तर त्या ‘सगळं’ म्हणाल्या नसत्या.

माझी पंधरा वर्षं व्हीसीआर दुरुस्त करण्यात गेली. तुमच्यासारखी माणसं मशीन पिशवीत घालून आणायची आणि ‘आम्ही फसलो का हो?’ असं विचारायची. तेव्हा गिऱ्हाईक रांगेत उभं असायचं, नीट उत्तर द्यायला वेळ नसायचा. आज देतो.

सोनीने बीटामॅक्स, म्हणजे तुमचं बीटा, १९७५ मध्ये आणलं आणि जेव्हीसीने व्हीएचएस १९७६ मध्ये. दोन्हींची फीत अर्धा इंच रुंदीचीच. पण कॅसेटचा आकार वेगळा आणि फीत मशीनमधल्या फिरत्या ड्रमभोवती ओढून घ्यायची रीत वेगळी, त्यामुळे एकाची कॅसेट दुसऱ्याला चालणं शक्यच नव्हतं. सुरुवातीच्या बीटा कॅसेटवर एकच तास मावायचा, व्हीएचएसवर दोन. एका तासात सिनेमा कुठे संपतो? सोनीने पुढे वेळ वाढवली, पण तोवर अमेरिकेत आरसीए या टीव्ही कंपनीने मात्सुशिताकडून (म्हणजे आजची पॅनासोनिक) चार तास रेकॉर्ड करणारं व्हीएचएस मशीन बनवून घेतलं होतं आणि १९७७ पासून ते विकायलाही काढलं होतं. जेव्हीसीच्या मागे हिताची, शार्प, मित्सुबिशी अशा कंपन्या उभ्या राहिल्या. व्हीएचएसची मशीनं घरोघर जास्त झाली, म्हणून त्या कॅसेट जास्त निघाल्या, आणि कॅसेट जास्त मिळतात म्हणून पुढचं गिऱ्हाईकही व्हीएचएसच घेऊ लागलं. तुमच्या लायब्ररीवाल्याकडे फळ्या किती आणि भांडवल किती? एकच सिनेमा दोन प्रकारांत ठेवणं त्याला परवडणारं नव्हतं. बीटाचं चित्र थोडं उजवं असतं असं आम्ही दुरुस्तीवाले तेव्हा मानायचो, आणि मी आजही मानतो. त्याचा काही उपयोग झाला नाही.

तुमच्या भावाने १९८४ मध्ये मस्कतच्या दुकानात उभं राहून जे मशीन निवडलं ते चांगलं मशीन होतं. त्याने कुठलीही चूक केली नाही. हे त्याला कधी सांगितलं नसेल तर सांगा.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. १९८८ मध्ये सोनीने स्वतःच व्हीएचएसची मशीनं काढली. म्हणजे ज्या कंपनीच्या शब्दावर लोकांनी बीटा घेतलं, तीच उठून दुसऱ्या पंगतीला जाऊन बसली. लोकांच्या कपाटातल्या कॅसेटना मात्र तसं उठून जाता येत नव्हतं. डीव्हीडीच्या वेळीही दोन तट पडले होते, एकीकडे सोनी आणि फिलिप्स, दुसरीकडे तोशिबा आणि टाइम वॉर्नर. पण आयबीएमच्या पुढाकाराने संगणक कंपन्यांनी दोघांनाही एकत्र बसायला लावलं आणि १९९५ मध्ये एकच फॉरमॅट ठरला. म्हणून डीव्हीडी प्लेयर घेताना तुम्हाला कुणाची बाजू घ्यावी लागली नाही. मनात आणलं तर जमतं, हे त्यांनी करून दाखवलं होतं. आणि तरीही २००६ मध्ये पुन्हा तेच झालं. तोशिबाची एचडी डीव्हीडी एकीकडे, सोनी आणि तिच्या सोबत्यांची ब्लू-रे दुसरीकडे, दोन्ही काही महिन्यांच्या अंतराने बाजारात. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर या सिनेमा कंपनीने जाहीर केलं की यापुढे आम्ही फक्त ब्लू-रे काढणार. १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडी गुंडाळली. मध्ये सात आठवडेसुद्धा गेले नाहीत. आणि २००९ मध्ये तोशिबाही ब्लू-रे प्लेयर बनवायला लागली.

बघा, दोन्ही वेळा हरलेली कंपनी जिंकलेल्याच्या फॉरमॅटमध्ये धंदा करायला मोकळी झाली. तुम्ही सोसायटीच्या कर्जाचे हप्ते भरत राहिलात. यात तुमची निवड चुकली असं मी कधीच म्हणणार नाही. कुठला तट टिकेल हे ज्यांच्या हातात होतं, त्यांनी ते दुकानात आलेल्या माणसाला कधी सांगितलंच नाही.

आता कपाटाकडे वळू. दोन महिने पुरेसे आहेत, कारण पासष्ट कॅसेट तुम्हाला उतरवायच्याच नाहीत.

एक दुपार काढा आणि सगळ्या कॅसेट जमिनीवर मांडा. विकतचे सिनेमे एका बाजूला. ते इतरत्र मिळतात, निदान बहुतेक मिळतात. घरचं शूटिंग दुसऱ्या बाजूला. लेबलावर मात्र विश्वास ठेवू नका. तेव्हा कोरी कॅसेट महाग असायची, त्यामुळे सिनेमा संपल्यावर उरलेल्या फितीवर कुणाचं तरी बारसं नाहीतर शाळेचं गॅदरिंग घेतलेलं असतं. कॅसेटच्या कडेला (बीटाच्या खालच्या अंगाला) रेकॉर्डिंग होऊ देणारी प्लास्टिकची छोटी पट्टी असते, तीही बघा. विकतच्या सिनेमाला ती मुळातच नसते. पण जी कोरी म्हणून आणलेली कॅसेट आहे आणि तिची पट्टी कुणीतरी तोडली आहे, ती कॅसेट त्या माणसाला जपायची होती. अशी प्रत्येक कॅसेट बाजूला ठेवा. दूरदर्शनवरून उतरवलेलं काही सापडलं तर तेही ठेवा. त्या वेळच्या बातम्या आणि जाहिराती दूरदर्शनवाल्यांनी पुसून टाकल्या असतील, तुमच्याकडे राहिल्या असतील. माझा अंदाज, पासष्टातल्या दहा-पंधरा उरतील. हा आकडा वहिनींना सांगा, म्हणजे त्यांचाही जीव भांड्यात पडेल.

आता ती कॅसेट. इथे घाई करू नका.

मशीनचा प्लग भिंतीत घालून कॅसेट आत सारू नका. इतकी वर्षं पडून राहिलेल्या मशीनमधले रबरी बेल्ट एकतर सैल पडतात नाहीतर वितळून डांबरासारखे चिकट होतात. वंगण घट्ट झालेलं असतं. बीटाची आणखी एक खोड अशी की कॅसेट आत गेली की मशीन लगेच फीत बाहेर ओढून ड्रमभोवती गुंडाळतं, आणि कॅसेट बाहेर काढेपर्यंत ती तशीच गुंडाळलेली राहते. अशा वेळी मशीन अडकलं तर आईच्या ओव्यांची फीत आतल्या आत अडकून बसणार. ओढून काढलीत तर गेली. म्हणून आधी जुना कारागीर शोधा, मशीन उघडून घ्या, बेल्ट बदला, हेड (फीत वाचणारा भाग) साफ करून घ्या. हेडवर कापसाची काडी कुणालाही फिरवू देऊ नका, धागा अडकून हेड मोडतं. मग पहिली कॅसेट कुठल्या तरी सिनेमाची लावा. ती पूर्ण चालली, पूर्ण रिवाइंड झाली आणि विनातक्रार बाहेर आली, की मगच लग्नाची कॅसेट हातात घ्या.

हातात घेतल्यावर पारदर्शक खिडकीतून आत बघा. काळ्या फितीच्या कडेला पिठाची बोटं लागल्यासारखं पांढरं दिसलं तर ती बुरशी. ठाण्याच्या पावसात चाळीस वर्षं काढलेल्या कॅसेटला ती असू शकते. असली तर लावू नका. लावलीत तर हेड खराब होईल आणि नंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटलाही ती बुरशी लागेल. ती कॅसेट फीत साफ करून देणाऱ्या माणसाकडेच गेली पाहिजे. पावसाळ्यात तर तिचं झाकण उघडूही नका.

फितीला बोट लावू नका, आणि याला खास कारण आहे. चित्र फितीच्या मधल्या भागात तिरक्या रेघांनी नोंदलेलं असतं आणि ते फिरत्या ड्रमवरची हेड वाचतात. तुमच्या काळातल्या मशीनवर आवाज मात्र फितीच्या अगदी कडेला, सरळ पट्टीत असतो आणि तो वेगळं, न हलणारं हेड वाचतं. त्यामुळे ट्रॅकिंग, म्हणजे त्या रेघांवरची हेडची पकड, बिघडून पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या तरी आवाज स्वच्छ येऊ शकतो. तुम्हाला हवाय तो आईचा आवाज त्या कडेला आहे. कड चुरगळली तर आधी तोच जाईल. चित्र दिसत नाही म्हणून कुणी मशीन बंद करायला निघालं, तर करू देऊ नका. चालू ठेवा, रेकॉर्ड होऊ द्या.

उतरवण्यासाठी मशीनच्या मागच्या व्हिडिओ आउट आणि ऑडिओ आउटमधून वायर घ्या, अँटेनाच्या वायरीने घेऊ नका. ती संगणकाला जोडलेल्या कॅप्चर कार्डात जाते, ते कार्ड चित्र-आवाजाची फाइल बनवतं. दुकानात काम देणार असाल तर त्यांना तीन गोष्टी सांगा आणि कागदावर लिहून द्या. चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे आपल्या टीव्हीच्या पाल पद्धतीत जसं आहे तसंच ठेवायचं. आजच्या रुंद टीव्हीला बसावं म्हणून ताणायचं नाही. ताणलं की सगळे पाहुणे बुटके आणि फुगलेले दिसतात, आणि दुकानदार हे न विचारता करतात. तिसरं, फार दाबून छोटी केलेली फाइल नको, मोठीच द्या. डीव्ही नावाच्या फाइल प्रकारात एका तासाला साधारण १३ जीबी लागते. वीस तासांचं घरचं शूटिंग धरलं तरी २६० जीबी झाली. पाचशे जीबीच्या साध्या ड्राइव्हवर ती आरामात बसते. लहान फाइल फोनवर पाठवायला वेगळी करून घ्या. वर पार्श्वसंगीत घालून देतो असं कुणी म्हणालं तर हात जोडून नको म्हणा.

डीव्हीडी रेकॉर्डरवर उतरवलेल्या तुमच्या त्या तीन डिस्क बहुधा खराब झालेल्या नाहीत. त्या फायनलाइझ करायच्या, म्हणजे दुसऱ्या मशीनला वाचता याव्यात म्हणून शेवटी बंद करायच्या, राहिल्या असाव्यात. रेकॉर्डर चालू होत असेल तर डिस्क त्याच मशीनमध्ये घाला, मेनूत ‘फायनलाइझ’ शोधा आणि ते पूर्ण होईपर्यंत वीज जाणार नाही एवढी काळजी घ्या. नंतर ती संगणकावर उघडेल. ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा अख्खा फोल्डर कॉपी करून ठेवा. हे काम झाल्याशिवाय रेकॉर्डर कुणालाही देऊ नका. व्हीसीडीवर काही घरचं असेल तर ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमध्ये ‘डॅट’ फाइल असते, ती तशीच उचला, संगणकावरच्या व्हीएलसी प्लेयरवर चालते. पण त्याच समारंभाची मूळ कॅसेट हाताशी असेल तर कॅसेटवरूनच उतरवा. व्हीसीडीचं चित्र फक्त ३५२ बाय २८८ असतं, कॅसेटवर त्याहून जास्त शिल्लक असतं.

एचडी डीव्हीडी प्लेयर आपल्या भिंतीतल्या प्लगात घालू नका. तो अमेरिकेच्या १२० व्होल्टचा आहे, आपल्या २३० वर जळेल. त्यावर घरचं काहीच नसल्यामुळे तो खुशाल ई-कचऱ्यात द्या. ब्लू-रे चालत नाहीत त्याचं कारण कंपन्यांनी जगाचे तुकडे पाडले आहेत: अमेरिका ए, भारत सी. डिस्क चांगली, प्लेयर चांगला, आणि मध्ये एक कुलूप मुद्दाम लावलेलं. भाऊ येईल तेव्हा डिस्क त्याच्याकडे परत द्या. पुढे कधी हौसेने सिनेमाची डिस्क घ्यावीशी वाटली तर फोर-के ब्लू-रेच्या डिस्कला असं प्रदेशाचं कुलूप नसतं, एवढं ध्यानात ठेवा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कशात घालून ठेवू म्हणजे पुन्हा हे करावं लागणार नाही. असं काही नाही, आणि जो तसं सांगून काही विकेल त्याच्याकडून घेऊ नका. माझ्या वडिलांच्या साठीची व्हीएचएस कॅसेट मी २००४ मध्ये एका दुकानात डीव्हीडी करायला दिली. डिस्क हातात आली तेव्हा इतका समाधानी झालो की कॅसेट परतही घेतली नाही. आठ वर्षांनी डिस्क लावली. वडील पाटावरून उठतात, सगळे त्यांना बोलायचा आग्रह करतात, ते घसा खाकरतात, आणि तिथे चित्राचे चौकोन होतात आणि डिस्क थांबते. पुढे ते काय बोलले ते मला आठवत नाही. दुसरी प्रत नव्हती, कॅसेटही नव्हती. मी या धंद्यातला माणूस असून माझं हे झालं, म्हणून तुम्हाला एवढ्या बारकाईने लिहितोय.

तेव्हा असं करा. फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक तुमच्याकडे आणि एक न्यू जर्सीला भावाकडे. तिकडची टीव्ही पद्धत वेगळी असल्याने पूर्वी आपल्या कॅसेट तिकडे चालत नसत. फाइलला ती अडचण नाही, त्याच्या संगणकावर सरळ चालेल. दर दिवाळीला दोन्ही डिस्क लावून दोन-चार फाइल शेवटपर्यंत चालवून बघा. पाच-सहा वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवून घ्या. कॅसेटवरून कॅसेट करताना दर वेळी चित्र उतरायचं. फाइलची फाइल करताना तसं काही होत नाही, दहावी प्रतही पहिलीसारखीच निघते. हे काम पुन्हा पुन्हा करावं लागेल, पण त्यासाठी कर्ज काढावं लागणार नाही. आणि मूळ कॅसेट उतरवून झाल्यावरही टाकू नका. भाड्याच्या घरात जाताना त्या दहा-पंधरा कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात उभ्या ठेवा, सोबत सिलिकाच्या पुड्या टाका आणि डबा स्पीकरपासून लांब ठेवा. माळ्यावर नको.

व्हीएचएस मशीन बिघडलेलं असलं तरी ते कारागिराला द्या, भंगारवाल्याला देऊ नका. सोनीने बीटा मशीन बनवणं २००२ मध्ये थांबवलं आणि कोऱ्या कॅसेट २०१६ मध्ये. त्याच वर्षी जुलैत व्हीएचएस मशीन बनवणारी शेवटची कंपनी फुनाईही थांबली. आता नवीन काही निघत नाही. तुमच्या मशीनचं एखादं दातेरी चाकसुद्धा कुणाच्या तरी आईचा आवाज बाहेर काढायला कामी येईल.

लग्नाची कॅसेट उतरवताना वहिनींना शेजारी बसवा आणि एक वही घ्या. मशीन जेवढा वेळ चालेल तेवढा वेळ पडद्यावर कोण आलं ते मिनिटासकट लिहा. मुंडावळ्या कुणी बांधल्या, दारात कोण उभं आहे, आईच्या समोर जात्याचा खुंटा धरून कोण बसली आहे. ओवीत कुणाची नावं येतात तेही लिहा, घाण्याच्या ओवीत घरच्यांची नावं गुंफायची रीत असते. थोरल्या भावाला त्या वेळी फोन लावून ठेवलात तर तुम्हाला न आठवणारी नावं तो सांगेल.

बीटा मशीनच्या मागच्या पट्टीवर मॉडेल नंबर असतो. तो मला कळवा, त्याला कुठल्या मापाचे बेल्ट लागतील ते बघून सांगतो.